'वाकू नका' हे सांगायचं कुणाला?

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

मागचा भाग पाठदुखीवर होता. त्यानंतर आलेल्या बऱ्याच निरोपांचा सूर एकच होता. बोईसरच्या एका सुपरवायझरनी तर सरळच लिहिलं, ''साहेब, कसं उचलायचं, कसं बसायचं, हे सगळं आम्हाला पाठ आहे. ट्रेनिंग झालंय, पोस्टर लागलेत. पण खाली प्लांटमध्ये कुणीच तसं करत नाही. आता काय करायचं ते सांगा.''

प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आजचा भाग त्यावरच. अर्गोनॉमिक्स, म्हणजे माणसाच्या शरीराला झेपेल असं काम बेतणं. त्याचे सल्ले चांगले असतात, तरी ते कागदावरच का राहतात, आणि ते कामात उतरवायचे कसे, एवढंच आज बोलू या.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

एक रिपोर्ट

तारापूर एमआयडीसीत मी सेफ्टीच्या कामात बरीच वर्षं काढली. त्यातल्या एका केमिकल प्लांटमधली ही गोष्ट. नाव सांगत नाही, आणि नावाने काही फरकही पडत नाही. तिथे रिअॅक्टरमध्ये पावडर चार्ज करायची होती. २५ किलोच्या गोण्या, एका बॅचला ४०. म्हणजे एका बॅचला एक टन माल हाताने उचलायचा. गोण्या मालाच्या लिफ्टने वरच्या मजल्यावर यायच्या, जमिनीवर थप्पी लागायची आणि तिथून दोन माणसं त्या उचलून मॅनहोलपर्यंत न्यायची.

भिंतीवर मीच लावलेलं पोस्टर होतं. दोन चित्रं. एकात माणूस कंबरेतून वाकलाय, त्यावर लाल फुली. दुसऱ्यात गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून उचलतोय, त्यावर हिरवी खूण. खाली 'कंबरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका' असं मराठीत आणि हिंदीत लिहिलेलं. दर सहा महिन्यांनी ट्रेनिंग व्हायचं. सह्यांचा कागद फाइलला लागायचा.

विक्रमगडकडचा एक मुलगा होता, ठेकेदाराकडचा. वय पंचविशीच्या आतलं. एका रात्रपाळीला तिसाव्या की बत्तिसाव्या गोणीला त्याची कंबर धरली आणि तो तिथेच बसला. सकाळी मी रिपोर्ट लिहिला. त्यात 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे मी लिहिलं, 'चुकीच्या पद्धतीने वजन उचलले.' उपाय म्हणून लिहिलं, 'पुन्हा प्रशिक्षण देणे.' ट्रेनिंगच्या सह्यांचा कागद जोडला. त्यावर त्याची सही तीन वेळा होती.

दोन दिवसांनी त्याला भेटलो. विचारलं, ''अरे, गुडघ्यात वाकायला सांगितलं होतं ना?'' तो म्हणाला, ''साहेब, गुडघ्यात चाळीस वेळा बसून तुम्ही उठून दाखवा. आणि बसायचं कुठे? पुढे थप्पी, मागे पाइप.''

मी वर जाऊन पाहिलं. खरंच, बसायला जागा नव्हती. मी तिथे पोस्टर लावलं होतं, पण त्या पोस्टरमधलं चित्र त्या जागेत करता येतं का, हे कधी उभं राहून बघितलं नव्हतं.

सल्ला मरतो कुठे?

सल्ला अमलात न येण्याची कारणं विचारली की ऑफिसमध्ये एकच उत्तर मिळतं : ''लोक ऐकत नाहीत हो.'' माझा अनुभव वेगळा आहे. लोक ऐकतात. पण ऐकलेलं करणं त्यांच्या हातात नसतं.

बघा ना. गोणी किती किलोची यावी, हे खरेदी विभाग ठरवतो. ती कुठे ठेवायची, हे स्टोअर ठरवतं. बॅच किती वाजता लागली पाहिजे, हे प्रॉडक्शन ठरवतं. दोन माणसं की चार, हे ठेकेदाराचं बिल ठरवतं. मॅनहोलची उंची तर प्लांट उभा राहिला तेव्हाच ठरून गेली. या सगळ्या निर्णयांच्या शेवटी तो मुलगा उभा असतो, आणि आपण सल्ला देतो फक्त त्याला. ज्याच्या हातात सगळ्यात कमी आहे, त्यालाच सांगतो की तू नीट कर.

त्यात आपल्याकडे ठेकेदारीचा भाग मोठा आहे. आज ट्रेनिंगला बसलेला माणूस पुढच्या महिन्यात शेजारच्या कंपनीत असतो, नाहीतर भातलावणीला गावी गेलेला असतो. त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला सल्ला माहीतच नसतो. म्हणजे सल्ला माणसाच्या डोक्यात ठेवला, तर तो माणसाबरोबर गेटबाहेर जातो. तोच सल्ला जागेत, टेबलात, गोणीच्या वजनात ठेवला, तर तिथेच राहतो.

हे नुसतं माझं मत नाही. वजन उचलण्याच्या प्रशिक्षणावर जगभर जे अभ्यास झाले, त्यांचा एक आढावा कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की उचलण्याची पद्धत शिकवून पाठदुखी टळते असं दिसत नाही. सोबत उचलायची साधनं दिली तरीसुद्धा दिसत नाही. मी वाचलं तेव्हा थोडं लागलं, कारण माझ्या नोकरीतला मोठा भाग हे ट्रेनिंग देण्यातच गेला होता. साधनांचं असं का होत असेल, याचा माझा अनुभव पुढे सांगतो.

थोडं गणित

आता जरा आकडे बघू. घाबरू नका, सातवीचं गणित आहे.

अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. १९९१ मध्ये ते सुधारलं गेलं. ते असं सांगतं, की सगळं अगदी अनुकूल असेल तर हाताने उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलोपर्यंत. अनुकूल म्हणजे काय? वजन अंगाजवळ, हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, वळायचं नाही, पकड चांगली, आणि उचल कधीतरीच. यातलं जे बिघडेल, त्याप्रमाणे २३ ला एकापेक्षा लहान आकड्याने गुणायचं.

आमच्या प्लांटमधली गोणी घ्या. खालच्या थरातली, म्हणजे हात जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटरवर. त्याचा गुणक येतो ०.८२. गोणी थप्पीच्या आतल्या बाजूला, म्हणजे घोट्यांपासून हात ५० सेंटिमीटर पुढे. त्याचा गुणक येतो ०.५. आता २३ गुणिले ०.८२ गुणिले ०.५ करा. उत्तर येतं साडेनऊ किलोच्या आसपास. उचलत होते २५. आणि यात मी वळणं, चाळीस वेळा उचलणं, रात्रपाळी हे काहीच धरलेलं नाही.

आता गंमत बघा. तीच गोणी ७५ सेंटिमीटरवर आणली, पण तशीच लांब ठेवली, तर शिफारस होते साडेअकरा किलो. फार सुधारली नाही. पण उंचीबरोबर जवळही आणली, ५० ऐवजी ३० सेंटिमीटरवर, तर होते १९ किलोच्या पुढे. म्हणजे माणसाला गोणीच्या जवळ उभं राहता येणं, हा या हिशोबातला मोठा भाग. आणि आमच्या पोस्टरवर जवळ-लांबचा शब्दच नव्हता. सगळा जोर गुडघ्यांवर.

दुसरं म्हणजे, २५ किलोची गोणी अगदी आदर्श जागेतही २३ च्या वरच. मग मार्ग एकच : ती उचलायचीच नाही, सरकवायची. नाहीतर लहान मागवायची.

वाक्य बदलून बघा

इथून माझ्या कामाची पद्धत बदलली. फार साधी गोष्ट आहे, तुम्हीही करू शकता. कुठलाही सल्ला घ्या आणि त्याचं वाक्य असं बदला, की त्यात कामगाराने कसं वागावं हे न येता वस्तू कशी असावी आणि ती तशी कोण करणार, हे येईल.

'कंबरेतून वाकू नका.' हे झालं जुनं वाक्य. नवं वाक्य : 'चार्जिंगची गोणी जमिनीवर ठेवायची नाही. स्टोअरने ती कंबरेइतक्या उंचीच्या स्टँडवरच द्यायची.'

'वजन अंगाजवळ धरा.' नवं वाक्य : 'पॅलेटच्या चारही बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा मोकळी ठेवायची. पिवळा पट्टा मेंटेनन्सने मारायचा.'

'एकट्याने ड्रम हलवू नका.' नवं वाक्य : 'ड्रम ट्रॉलीशिवाय ड्रम गेटपासचा माल आत घ्यायचा नाही.'

फरक कळला ना? जुन्या वाक्यात सल्ला मोडणारा नेहमी कामगारच असतो. नव्या वाक्यात सल्ला मोडला, तर कुणी मोडला ते दिसतं. म्हणून नवं वाक्य लिहिताना ऑफिसमध्ये थोडी चुळबुळ होते. होऊ द्या. तिथेच कळतं की सल्ला आता योग्य माणसापर्यंत पोचला.

आपल्या महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण माथाडी कामगारांचं आहे. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचा त्यात वाटा होता. वाशीच्या बाजार समितीत माथाडींची मागणी वर्षानुवर्षं ऐकू येते : गोणी ५० किलोच्या वर नको. त्यांनी 'आम्हाला उचलायला शिकवा' असं म्हटलं नाही. त्यांनी गोणीचं वजन धरलं. बरं, गोणी भरते कुठे? दूर कुठल्या तरी गावात, व्यापाऱ्याकडे. म्हणजे पाठीचा प्रश्न वाशीत आणि उपाय गोणी भरणाऱ्याच्या काट्यावर. तो आकडा अजूनही मोठाच आहे, आणि त्यासाठी भांडावंही लागतं, पण त्यांनी बोट अचूक ठेवलं.

कायद्यानेही खरं तर हेच केलं होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम ३४ बघा. इजा होण्याइतकं जड ओझं कुणालाही उचलायला किंवा हलवायला लावू नये, असा त्याचा आशय होता. जबाबदारी 'लावणाऱ्या'वर होती. आपण पोस्टर करताना ती हळूच 'उचलणाऱ्या'वर सरकवली.

काय केलं, कसं केलं

त्या प्लांटमध्ये पुढे काय झालं ते सांगतो. मी, मेंटेनन्सचा एक फिटर, स्टोअरचा माणूस आणि चार्जिंग करणारे दोघे, असे पाच जण एका शिफ्टला तिथे नुसते उभे राहिलो. एक अख्खी बॅच बघितली. मोबाइलवर फोटो काढले, अर्थात परवानगी घेऊन आणि जिथे मोबाइल चालतो तिथेच. सॉल्व्हंटच्या भागात मोबाइल नेऊ नका, हे मी सांगायला नको.

मग त्या दोघांना विचारलं, ''यातली सगळ्यात वाईट गोणी कुठली?'' बघा, 'त्रास होतो का' असं विचारलं की माणूस 'नाही' म्हणतो. ठेकेदाराकडचा तर हमखास म्हणतो, त्याला नोकरीची भीती असते. पण 'सगळ्यात वाईट कुठली' म्हटलं की दोघांनी एकदमच बोट दाखवलं : तळातला थर, भिंतीकडची रांग. त्या आठ-दहा गोण्याच खऱ्या वैरी होत्या.

उपाय त्यांच्याच तोंडून आला. खाली एक रिकामी पॅलेटची थप्पी ठेवायची आणि भरलेली पॅलेट तिच्यावर. झाली कंबरेची उंची. पुढे फिटरने मॅनहोलच्या शेजारी रोलर असलेलं स्टँड बनवलं, वर्कशॉपमधल्या उरलेल्या अँगलचं. गोणी पॅलेटवरून रोलरवर सरकते, तिथेच फाडायची, तिथूनच ओतायची. उचल जवळजवळ गेलीच. अर्थिंगची वायर जोडून घेतली. हे विसरू नका : केमिकलमध्ये कंबर वाचवायला जाऊन स्थिर विजेची ठिणगी पाडली, तर काय फायदा? बदल छोटा असला तरी प्रोसेसवाल्यांना दाखवूनच करायचा.

अशी पद्धत मी शोधून काढलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने छोट्या उद्योगांसाठी 'वाइज' नावाचा कार्यक्रम १९८० च्या दशकापासून आशियात चालवला. जपानचे काझुताका कोगी हे त्यातलं मोठं नाव. त्याच संघटनेचं 'अर्गोनॉमिक चेकपॉइंट्स' हे पुस्तक १९९६ मध्ये आलं, २०१० ची सुधारित आवृत्ती १३२ मुद्द्यांची आहे. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. त्यातली तपासणी यादी 'बरोबर की चूक' विचारत नाही. प्रत्येक मुद्द्यापुढे विचारते : इथे काही करावं असं सुचवता का? नाही, हो, की आधी हेच? बस. माणसाला परीक्षेला बसवत नाही, त्याचं मत घेते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, फेरी मारताना आधी तिथलं चांगलं काय आहे ते बघायचं. एखाद्या खात्यात कुणीतरी आपल्या डोक्याने फळी ठोकून काम सोपं केलेलंच असतं. ते उचला आणि शेजारच्या खात्याला दाखवा. बाहेरच्या तज्ज्ञाचं ऐकणार नाहीत, पण शेजारच्या शिफ्टने केलेलं बघून करतात.

टेबलाची उंची

दुसरं उदाहरण पॅकिंगचं. पालघरच्या गाळ्यांत, बोईसरच्या औषध कंपन्यांत पॅकिंगला बहुतेक बायका असतात. टेबलं सगळी एकाच उंचीची, कुठल्यातरी कॅटलॉगमधून घेतलेली. बायकांची उंची वेगवेगळी. बुटक्या बाईचे खांदे दिवसभर वर उचललेले, उंच बाईची मान खाली. ट्रेनिंगमध्ये आपण सांगतो, 'खांदे सैल सोडा.' अहो, टेबल कोपराच्या वर असेल तर खांदे सैल सुटणार कसे?

हलक्या कामाला टेबल कोपरापेक्षा थोडं खाली असावं, पाच-दहा सेंटिमीटर. जोर लावायचं काम असेल तर आणखी खाली. हे मोजायला यंत्र लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. बाईने उभं राहून हात सहज कोपरात काटकोनात वाकवायचा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. आम्ही एका लाइनवर अशी मापं घेतली आणि तीन गट केले. टेबल बदलायला पैसे नव्हते. मग उंच बायकांसाठी टेबलांच्या पायांखाली ठोकळे घातले आणि बुटक्या बायकांच्या जागी उभं राहायला लाकडी चौरंग दिले. चौरंग रुंद हवा, दोन्ही पाय मोकळे हलले पाहिजेत, आणि कडेला अडखळायला नको.

तिथल्या एका मावशींनी मला चांगलंच ऐकवलं. म्हणाल्या, ''चौरंग दिलात, बरं केलंत. पण आमच्या जागा रोज बदलतात. माझा चौरंग उद्या कुणाच्या पायाखाली?'' बरोबर होतं. सुपरवायझर सकाळी ज्याला जिथे जागा दिसेल तिथे उभं करायचा. मग टेबलांना तीन रंगांच्या पट्ट्या लावल्या आणि ज्याच्या त्याच्या ओळखपत्रावर तोच रंग. सुपरवायझरला कामाचं वाटप रंग बघून करायला लावलं. खरा बदल तिथे झाला. चौरंग महिनाभर आधीच आला होता.

जे फसलं तेही सांगतो

साधनं देऊनही उपयोग का होत नाही, हे पुढे सांगतो म्हटलं होतं. एका ठिकाणी आम्ही छान ट्रॉली आणली. दोन महिन्यांनी बघतो तर तिच्यावर टॉवेल वाळत घातलेले. चौकशी केली. मधे गटाराची जाळी होती आणि ट्रॉलीची पुढची लहान चाकं तिच्यात अडकायची. दर फेरीला दोघांनी ट्रॉली उचलायची, त्यापेक्षा गोणी उचललेली बरी. ट्रॉली घेताना जाळी कुणी बघितलीच नव्हती. जाळीवर पत्रा टाकल्यावर त्याच दिवसापासून ट्रॉली चालायला लागली.

दुसरं फसलेलं म्हणजे स्टूल. उभं राहून काम करणाऱ्यांना मधूनमधून बसता यावं म्हणून सोय ठेवावी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्ये होतं. आम्ही स्टूल ठेवले. कुणी बसेना. कारण सोपं होतं : मॅनेजर राउंडला आले की बसलेल्या माणसाकडे रोखून बघायचे. शब्द बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे. तेवढं पुरतं. केरळात कपड्याच्या दुकानांतल्या बायकांना बसायच्या हक्कासाठी झगडावं लागलं, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली. म्हणजे प्रश्न नुसत्या स्टुलाचा नसतो. आमच्याकडे शेवटी मॅनेजरच एकदा राउंडला आले आणि त्या स्टुलावर बसून ऑपरेटरशी दहा मिनिटं बोलले. आम्हीच त्यांना तशी विनंती केली होती. त्यानंतर लोक बसायला लागले.

मालकच नसेल तर?

आता तुम्ही म्हणाल, हे मोठ्या कंपनीचं झालं. जिथे माणूस स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार, तिथे काय? आपल्याच पट्ट्यात चिंचणीकडे दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर आहेत. लोखंडावर बारीक नक्षी, तासन्‌तास मान खाली.

अशाच एका ओळखीच्या डायमेकर भाऊंकडे गेलो होतो. मी आपला शहाणपणा केला : काम डोळ्यांजवळ आणा, म्हणजे मान वाकणार नाही. एक लाकडी खोकं दिलं, त्यावर डाय ठेवायला. त्यांनी दोन ठोके मारले आणि खोकं बाजूला ठेवलं. म्हणाले, ''ठोका मऊ बसतो. खाली भक्कम लागतं.'' मी गप्प. मग त्यांनीच थोडा विचार केला आणि स्वतःचं बसायचं स्टूल कापून खाली घेतलं. काम होतं तिथेच राहिलं, डोळे खाली आले. दिवा पुढून बाजूला घेतला, म्हणजे चमक टाळायला मान वाकडी करावी लागेना. सल्ल्यामागचा विचार माझा, पण तो बसवला त्यांनी. माझं खोकं अजून त्यांच्याकडे आहे, त्यात भंगार ठेवतात.

खोटं आश्वासन नको

आता एक प्रामाणिक गोष्ट. हे सगळं केलं म्हणजे लोकांचं दुखणं नक्की थांबेल, असं मी सांगणार नाही. फिनलंडमध्ये ११९ स्वयंपाकघरांत असा प्रयोग झाला होता. कामगारांना बरोबर घेऊन बदल केले, भरपूर केले. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : अंगदुखी कमी झालेली दिसली नाही. असं का, यावर बोलता येईल. माणसं कमी असतील, घाई तीच असेल, डोक्यावर ताण असेल, तर नुसतं टेबल बदलून भागत नाही. म्हणून मॅनेजमेंटकडे जाताना 'पाठदुखी बंद होईल' असं सांगू नका. वर्षाने दुखणं राहिलं तर तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाहीत. जे मोजता येतं ते सांगा : 'या बॅचला ४० वेळा उचल होती, आता ४ वेळा आहे.' ते सांगितलं तसं होतं की नाही, हे कुणीही उभं राहून मोजू शकतो.

आणि पाठपुरावा. एक साधी वही करा. पाच रकाने : काय बदलायचं, कोण करणार, कधीपर्यंत, पैसे कोण मंजूर करणार, आणि शेवटचा, पंधरा दिवसांनी वापरात आहे का. 'कोण' मध्ये 'मेंटेनन्स' असं लिहायचं नाही, माणसाचं नाव लिहायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर ट्रॉलीवर टॉवेल वाळतात आणि कागदावर काम 'पूर्ण' असतं. वहीत एका वेळी तीनच कामं ठेवा. तीस लिहिलीत तर एकही होत नाही.

आता त्या विक्रमगडच्या मुलाबद्दल. तो परत आला नाही. ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा दिला. स्टँड झालं ते त्या दुसऱ्याच्या वाट्याला. आणि माझ्या हातचा तो रिपोर्ट अजून कुठल्यातरी फाइलमध्ये असेल, त्यात लिहिलंय की चूक त्याची होती. आज लिहायचा असता तर कारणाच्या रकान्यात लिहिलं असतं : 'गोणी जमिनीवर होती. भिंतीकडच्या बाजूने जायला जागा नव्हती. एका बॅचला ४० उचली होत्या. माणसं दोन होती.' ही चार वाक्यं त्या सकाळीही खरीच होती. मी वर जाऊन पाहिलं नव्हतं, एवढंच.

तर मंडळी, एकच काम सांगतो. तुमच्या खात्यात भिंतीवर जे पोस्टर आहे, त्यातलं एक वाक्य घ्या. ते काम चालतं त्या जागी जाऊन पंधरा मिनिटं उभे राहा, आणि करणाऱ्याला विचारा, ''यातलं सगळ्यात वाईट कुठलं?'' मग ते वाक्य बदलून लिहा, वस्तूचं आणि नावाचं. जमलं तर आम्हाला पाठवा, नाही जमलं तर का नाही तेही पाठवा. कंपनीचं नाव घालू नका, फक्त काम काय ते लिहा. पुढच्या भागात त्यातली काही वाचू.

डहाणू लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल, तर एवढंच म्हणतो की बोईसरला जागा मिळो. काळजी घ्या. नमस्कार.